दारात बिल मागतात तेव्हा: सांगली-मिरजेतल्या ग्राहकांचे नेहमीचे प्रश्न

महिन्याच्या पहिल्या रविवारी संध्याकाळी मिरज रस्त्यावरच्या कुठल्याही मोठ्या सेल्फ-सर्व्हिस दुकानात दोन रांगा दिसतात. पहिली पैसे द्यायची आणि दुसरी दारातून बाहेर पडायची. पहिलीबद्दल कोणी फारसं बोलत नाही, चिडचिड होते ती दुसरीत. पैसे मोजून दिलेले असताना पुन्हा पिशवी उघडून दाखवायची, हे अनेकांना अपमानाचं वाटतं. त्यावरून नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत.

दारात बिल दाखवणं कायद्यानं सक्तीचं आहे का?

नाही. ग्राहकानं दारात बिल दाखवलंच पाहिजे असं सांगणारं कलम नाही, आणि दुकानानं मागूच नये असं सांगणारंही नाही. मालविक्री कायदा १९३० चा असल्यामुळे त्याच्या मागे मॉल, ट्रॉली, बारकोड यांची कल्पना नव्हती, पण मूळ तत्त्व आजही तेच लागू आहे. सौदा पुरा झाला, पैसे दिले, माल ताब्यात आला की तो माल तुमचा. म्हणून दारातलं 'बिल दाखवा' हे हुकूम नसून विनंती असते.

तरीही आमचा सल्ला आहे की बिल दाखवा. हातातला कागद पुढे करायला दहा सेकंद लागतात, नाही म्हटलं तर पंधरा मिनिटं जातात. मागणारा माणूसही बहुतेक वेळा एजन्सीकडून आलेला, दिवसभर उभा असलेला कंत्राटी कामगार असतो. नियम त्यानं केलेला नाही आणि त्याच्याशी भांडून तो बदलणारही नाही. अडायचं असेल तर बिलावर अडू नका. बिलाच्या पुढे जाऊन जे मागितलं जातं तिथे अडा. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

मग दुकानं हे करतात तरी कशाला? काउंटरवर कॅमेरा असतोच ना?

गणपती पेठेतल्या जुन्या किराणा दुकानात ही भानगड नसते, कारण तिथे माल काउंटरच्या पलीकडे असतो. यादी वाचली जाते, नोकर माल काढतो, मालकासमोर पुडे बांधले जातात. सेल्फ-सर्व्हिसमध्ये माल आधी गिऱ्हाइकाच्या हातात जातो आणि हिशेब नंतर होतो. गळती या मधल्या अंतरात होते.

गळती म्हणजे फक्त गिऱ्हाइकाची चोरी असं नाही. ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यातली तांदळाची गोणी स्कॅन करायची राहते. एकाच प्रकारचे चार साबण असतात, कॅशियर एक स्कॅन करून संख्या तीन टाकतो. ओळखीच्या माणसाला कॅशियर मुद्दाम एखादी वस्तू स्कॅन न करताच सरकवून देतो. दुकानदाराला सर्वांत जास्त धास्ती या शेवटच्या प्रकाराची असते. दारातली तपासणी पुष्कळदा तुमच्यावर नाही, आपल्याच कॅशियरवर असते. हे कोणी गिऱ्हाइकाला सांगत नाही, म्हणून त्याला वाटतं की आपल्यालाच चोर समजतात.

बिलावर शिक्का मारणं किंवा भोक पाडणं यामागचं कारण आणखी साधं आहे. तेच बिल घेऊन पुन्हा आत जायचं, त्याच वस्तू ट्रॉलीत भरायच्या आणि जुनं बिल दाखवून बाहेर पडायचं, ही युक्ती अडवायची असते. पेनानं मारलेली फुली पुसट होते, भोक बुजवता येत नाही. म्हणून अनुभवी दुकानं पंच वापरतात.

सिक्युरिटीवाला नेमकं काय बघतो?

आधी बिलाची तारीख आणि वेळ. मग तळाशी छापलेली एकूण संख्या. मग महागाच्या आणि सहज खिशात जाणाऱ्या वस्तू: तूप, बदाम-काजू, दाढीची पाती, फेस क्रीम, लहान मुलांची दूध पावडर. मग ट्रॉलीचा तळ. पूर्ण पिशवी उपसून प्रत्येक वस्तू बिलाशी ताडणं क्वचित घडतं. रांग असताना ते शक्यही नसतं.

बिलावरची संख्या आणि पिशवीतल्या वस्तू जुळत नाहीत म्हणून अडवतात. चूक कोणाची?

बहुतेक वेळा चूक कोणाचीच नसते. बिलाची छपाईच घोटाळा करते. एक उदाहरण बघा. तूरडाळ १ पाकीट, साबण ४, बिस्किटांचे पुडे ६, तेलाच्या पिशव्या २, सुटे कांदे १.६३५ किलो आणि टोमॅटो ०.७५० किलो. बिलावर ओळी सहा छापल्या जातात. 'एकूण प्रमाण' मात्र १५.३८५ येतं, कारण मशीन १३ नगांत २.३८५ किलो सरळ मिसळून टाकतं. पिशवीत मोजायला गेलात तर १३ पाकिटं आणि भाजीच्या २ थैल्या, म्हणजे १५ वस्तू. सहा, पंधरा आणि पंधरा पूर्णांक काही, तिन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर! नवा रखवालदार इथेच गोंधळतो.

सुट्या मालाचं वजन बाजूला काढून उरलेले नग मोजा, आकडा जुळतो. 'एकावर एक मोफत' मध्येही असाच घोळ होतो. काही दुकानांत फुकटची वस्तू शून्य रुपयांची वेगळी ओळ म्हणून येते, काहींत दोन्ही वस्तूंची पूर्ण किंमत लावून शेवटी सूट वजा केलेली असते, आणि काहींत दोन वस्तूंच्या जोडीला एकच बारकोड असतो. तिसऱ्या प्रकारात पिशवीत दोन आणि बिलावर एक दिसणारच. स्कीमचा माल घेतला असेल तर ती ओळ कोणती ते काउंटरवरच कॅशियरला विचारून ठेवा.

भाजीच्या थैलीवरचं स्टिकर आणि बिलावरचं नाव वेगळं निघालं तर?

भारतात नोंदलेल्या बारकोडची सुरुवात ८९० ने होते. दुकानातल्या काट्यावर छापलेल्या स्टिकरचा बारकोड मात्र बहुधा २ ने सुरू होतो, आणि त्यात मालाचा अंतर्गत क्रमांक व वजन किंवा किंमत दडलेली असते. काट्यावरच्या पोरानं टोमॅटोऐवजी शेजारचं बटण दाबलं तर बिलावर तेच येणार. त्यात तुमचा दोष नाही, पण थैली ट्रॉलीत टाकण्याआधी स्टिकर वाचायची सवय ठेवा. स्टिकर नसलेली थैली काउंटरवर गेली की कॅशियर परत वजन करायला पाठवतो आणि तुमच्या मागची रांग तुमच्याकडे बघत बसते.

पण तपासणीचा मला काय उपयोग?

इथे आमचं मत थोडं तिखट आहे. दारातली तपासणी आज एकतर्फी चालते. अठरा वस्तूंच्या बिलावर पिशवीत एकोणीस निघाल्या की गिऱ्हाईक थांबवलं जातं. अठराच्या बिलावर सतराच निघाल्या तर 'बरं, जा' म्हणून सोडून देतात. गिऱ्हाइकाचं नुकसान याच दुसऱ्या प्रकारात होतं: एक वस्तू दोनदा स्कॅन झाली, स्कीम लागली नाही, फळीवर एक भाव होता आणि बिलात दुसरा आला, न मागता पिशवीचे पैसे लागले.

तेव्हा तपासणी आधी तुम्ही करा, आणि ती काउंटरपाशीच करा. बिल हातात आल्यावर बाजूला सरकून चार गोष्टी बघा: एकाखाली एक सारख्या दोन ओळी आहेत का, ज्या मालावर सूट होती तिथे सूट दिसते का, सुट्या मालाचं वजन अंदाजाला पटतं का, आणि शेवटी कॅरी बॅग लावली आहे का. यात एक मिनिट जातं. चूक तिथेच दाखवली तर कॅशियर सुपरवायझरला बोलावून ओळ रद्द करून देतो. विजयनगरला घरी पोचल्यावर लक्षात आलं तर पुन्हा चक्कर पडते, वर 'तुम्ही माल काढून ठेवला नसेल कशावरून' हे ऐकावं लागतं. आणि दारात गर्दी नसेल तर सिक्युरिटीवाल्यालाच म्हणा, 'मामा, नीट मोजा बरं, कमी असेल तरी सांगा.' निम्म्या वेळा तोही हसून नीट मोजतो.

बिल काउंटर ते दार एवढ्या अंतरातच हरवलं. आता?

हे फार वेळा होतं. बिल ट्रॉलीत राहतं किंवा फुटाण्याच्या पुड्यासारखं चुरगळून टाकलं जातं. त्याच काउंटरवर परत जा. रक्कम आणि अंदाजे वेळ सांगितली की कॅशियर 'डुप्लिकेट' असं छापलेली प्रत काढून देऊ शकतो. यूपीआयनं पैसे दिले असतील तर मोबाइलवरचा संदेश दाखवा, त्यावर मिनिटापर्यंत वेळ असते. मात्र यूपीआयचा संदेश म्हणजे बिल नव्हे. त्यात रक्कम कळते, वस्तू कळत नाहीत.

यूपीआयनं पैसे कापले गेले, पण काउंटरवर आले नाहीत म्हणून बिलच निघालं नाही.

अशा वेळी माल घेऊन दाराकडे निघू नका, वाद तिथेच वाढतो. दोन रस्ते आहेत. घाई नसेल तर पाच-दहा मिनिटं थांबा, कधी कधी व्यवहार उशिरा पुरा होतो. घाई असेल तर रोख किंवा कार्डानं पैसे भरून बिल घ्या आणि अडकलेल्या व्यवहाराचा क्रमांक जपून ठेवा. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे दुकानदाराला केलेला असा फसलेला यूपीआय व्यवहार, व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत व्हायला हवा. त्यापुढे दर दिवसाच्या उशिराला १०० रुपये भरपाई आहे. ती बँकेकडे मागायची असते, दुकानाकडे नाही.

मोबाइल नंबर दिल्याशिवाय बिल होणार नाही म्हणतात.

नंबर द्यायची सक्ती नाही. केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं मे २०२३ मध्ये दुकानदारांना हेच कळवलं: बिलासाठी ग्राहकाच्या मोबाइल नंबरचा आग्रह धरू नका. 'सिस्टीम पुढेच जात नाही' हे उत्तर ठरलेलं असतं. 'नंबर न देता करा, जमत नसेल तर मॅनेजरना बोलवा' एवढं शांतपणे सांगितलं की सिस्टीम बहुधा पुढे जाते. नंबर दिलात तर बिल संदेशातल्या लिंकवर येतं आणि कागद देत नाहीत. दारात मोबाइलची बॅटरी संपलेली असली, आत रेंज नसली की पंचाईत होते. कागदी बिल मागून घ्या. बिल न देणं ही ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे अनुचित व्यापारी प्रथा आहे.

शिक्का मारलेलं बिल परत देत नाहीत, ठेवून घेतात. चालतं का?

मूळ बिल तुमचं. ते ठेवून घेता येत नाही. ज्यांना हिशेबाला कागद हवा असतो ती दुकानं दोन प्रती छापतात किंवा खालची पट्टी फाडून घेतात. तसं नसेल तर परत मागा. मिक्सर, इस्त्री, चार्जर असं काही घेतलं असेल तर वॉरंटी त्याच कागदावर अवलंबून असते.

आणखी एक गोष्ट. हा कागद थर्मल असतो. शाई नसते, उष्णतेनं अक्षर उमटतं आणि उष्णतेनंच उडतं. एप्रिल-मे महिन्यात गाडीच्या डिकीत ठेवलेलं बिल आठवड्यात काळं किंवा कोरं होऊ शकतं. प्लास्टिकच्या पाकिटात आणि तेलकट हातांनीही अक्षर जातं. घरी आल्या आल्या फोटो काढा.

दुसऱ्या दुकानातून घेतलेला माल सोबत असेल तर?

तासगाव, जत, कवठेमहांकाळहून एसटीनं येणाऱ्यांचा हा रोजचा प्रश्न आहे. मारुती चौकातून कापड घेतलेलं असतं, औषधं असतात, आणि मग किराण्याला शिरायचं असतं. आत जाण्याआधीच दारात सांगा. तीनपैकी एक होतं: पिशवी टोकनवर ठेवतात, केबल टायनं तोंड बांधतात किंवा प्रत्येक वस्तूवर स्टिकर लावतात. आत जाताना न सांगता बाहेर येताना 'हे आमचंच आहे' म्हटलं तर पहिल्या दुकानाचं बिल दाखवावं लागतं. ते जवळ नसेल तर खोळंबा ठरलेला. शाम्पू, साबण यांसारखा, याच दुकानात मिळणारा माल असेल तर विशेष जपा.

टोकन काउंटरवर 'सामानाची जबाबदारी आमची नाही' असा बोर्ड असतो. त्या बोर्डानं जबाबदारी आपोआप संपत नाही. भारतीय करार कायदा १८७२ प्रमाणे विश्वासानं ठेवायला घेतलेल्या वस्तूची, शहाणा माणूस आपल्या वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यावीच लागते. पण हे सिद्ध करत बसण्यापेक्षा सोनं, रोकड, आधार कार्ड, सातबाऱ्याची कागदपत्रं त्या पिशवीत ठेवूच नका.

दारातून जाताना बीप वाजला. सगळे बघायला लागले.

हा प्रकार बहुतेक वेळा कॅशियरच्या विसराळूपणाचा असतो. दाराच्या दोन खांबांमधून चुंबकीय किंवा रेडिओ लहरी जात असतात. एका पद्धतीत ५८ किलोहर्ट्‌झ आणि दुसरीत ८.२ मेगाहर्ट्‌झ. वस्तूवरचा टॅग त्या लहरींना प्रतिसाद देतो. कपड्यावरचा कडक प्लास्टिकचा टॅग काउंटरवर चुंबकानं काढायचा असतो, आणि डब्यावरचं पातळ स्टिकर काउंटरच्या पाटीवर घासून निष्क्रिय करायचं असतं. गर्दीत यातलं काहीतरी राहून जातं. कधी तर गंमत अशी होते की दुसऱ्याच दुकानातून महिन्यापूर्वी घेतलेल्या पर्सच्या अस्तरात शिवलेलं स्टिकर इथे बोलू लागतं.

घाबरून पुढे निघू नका, आणि मागे पळत काउंटरलाही जाऊ नका. थांबा. पिशव्या खाली ठेवून तुम्ही मोकळ्या हातांनी खांबांमधून जा. बीप वाजला नाही तर प्रश्न पिशवीचा आहे, अंगाचा नाही, हे सगळ्यांसमोर स्पष्ट होतं. मग एकेक पिशवी, मग त्या पिशवीतली एकेक वस्तू पुढे करा. वस्तू सापडली की बिलावरची तिची ओळ दाखवा आणि टॅग काढून घ्या.

टॅग चुकून घरी आला तर पक्कड, सुरी, घरातलं चुंबक यांच्या नादी लागू नका. काही टॅगमध्ये शाईच्या कुप्या असतात, त्या फुटल्या की साडी गेली. बिल घेऊन दुकानात जा, काढून देतात.

पर्स उघडा, खिसे दाखवा, अंग तपासू द्या म्हणाले तर?

इथे अडायचं. दुकानाच्या किंवा सिक्युरिटी एजन्सीच्या माणसाला तुमच्या संमतीशिवाय अंगझडतीचा अधिकार नाही, मग तपासणारी बाई असो वा पुरुष. तो अधिकार पोलिसांचा आहे. पोलिसांनाही बाईची झडती बाईकडूनच आणि पूर्ण मर्यादा सांभाळूनच घ्यावी लागते. आतल्या खोलीत 'दोन मिनिटं या' म्हटलं तर एकट्यानं जाऊ नका. 'जे काय आहे ते इथे, कॅमेऱ्यासमोर बोला. संशय असेल तर पोलिसांना बोलवा' एवढं वाक्य पुरेसं आहे. आवाज चढवायची गरज नाही.

जाऊच देत नाहीत. हे गुन्ह्यात बसतं का?

बिल मागून क्षणभर थांबवलं, याला गुन्हा म्हणता येत नाही. पण वाट अडवून धरली तर भारतीय न्याय संहितेचं कलम १२६ (बेकायदा अडवणं) आणि खोलीत किंवा दाराआत कोंडून ठेवलं तर कलम १२७ लागू शकतं. पहिल्यात एक महिन्यापर्यंत साधी कैद किंवा ५,००० रुपयांपर्यंत दंड आहे, दुसऱ्यात एक वर्षापर्यंत कैद. ही संहिता १ जुलै २०२४ पासून लागू आहे. मोबाइलवर अजूनही फिरणारी ३४१, ३४२ ही कलमं जुन्या दंड संहितेची आहेत.

दुकानाची बाजूही ऐकायला हवी. डोळ्यांसमोर दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा झाला तर कोणाही नागरिकाला त्या माणसाला पकडता येतं. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणे उगाच उशीर न लावता, सहा तासांच्या आत, त्याला पोलिसांच्या हवाली करावं लागतं. 'डोळ्यांसमोर' हा त्यातला कळीचा शब्द. बिलाची संख्या जुळली नाही, एवढ्यावर चोरी डोळ्यांसमोर झाली असं होत नाही.

तातडीला ११२ फिरवा. विश्रामबाग पोलीस ठाणं जवळ पडेल की मिरजेतलं, ते ११२ वाले बघतात.

'चोरी सापडल्यास दहापट दंड' असा बोर्ड असतो. खरंच घेऊ शकतात?

नाही. दंड करण्याचा अधिकार न्यायालयाचा. दुकानाला झालेलं नुकसान मागता येतं, पोलिसांत तक्रार देता येते. पण भीती घालून, फोटो लावण्याची धमकी देऊन पैसे काढले तर तो खंडणीचा प्रकार होऊ शकतो. कोरा माफीनामा लिहून देऊ नका, 'चोरी केली' असं त्यांनी सांगितलेलं वाक्य तर मुळीच नाही. खरोखर एखादी वस्तू स्कॅन व्हायची राहिली असेल तर 'वस्तू स्कॅन झाली नव्हती, पैसे भरून बिल घेतलं' असं तुमच्या शब्दांत, वेळ घालून लिहा आणि बिलाची प्रत ठेवा.

लहान मुलानं आतच चॉकलेट फोडून खाल्लं.

वेष्टन जपून ठेवा आणि काउंटरवर स्कॅन करायला द्या. बहुतेक दुकानं हे मान्य करतात. अडचण होते ती मुलानं वेष्टन फळीमागे टाकलं आणि आईला पत्ता नसला तर. तेव्हाही किंमत भरली की विषय संपायला हवा. मुलाला दरडावणं, त्याचे खिसे तपासणं दुकानाच्या माणसांनी करायचं नाही.

कॅरी बॅगचे पैसे न विचारता लावले.

मार्च २०१८ च्या राज्याच्या अधिसूचनेनं प्लास्टिकच्या कॅरी बॅग गेल्या आणि कापडी-कागदी पिशव्या विकायला आल्या. राष्ट्रीय ग्राहक आयोगानं डिसेंबर २०२० मध्ये म्हटलं की आत शिरण्याआधी ठळकपणे न सांगता काउंटरवर पिशवीचे पैसे लावणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. घरून पिशवी न्या. तीही आत नेऊ देत नसतील तर काउंटरपर्यंत घडी करून नेण्याची परवानगी दारातच मागा.

अमेरिकेत लोक बिल न दाखवता सरळ निघून जातात, असे व्हिडिओ येतात. आपणही तसं करावं का?

तिथलं गणित वेगळं आहे. तिथल्या कॉस्टकोसारख्या सदस्यत्वाच्या घाऊक दुकानांत दारात पावती दाखवणं ही सदस्यत्वाची अटच असते, म्हणजे गिऱ्हाइकानं आधीच मान्य केलेली असते. जिथे सदस्यत्व नाही तिथे तशी अट नसते, म्हणून लोक निघून जातात. पण अनेक राज्यांत रास्त संशय असेल तर दुकानदाराला गिऱ्हाइकाला थोडा वेळ थांबवण्याची कायदेशीर मुभाही आहे. आपल्याकडे दुकानदारासाठी असा वेगळा कायदा नाही. त्यामुळे त्या व्हिडिओतली हुशारी आणि त्याखालचे वाद, दोन्ही इथे गैरलागू. आपल्याकडेही सदस्य कार्डावर चालणारं घाऊक दुकान असेल तर कार्ड घेताना सही केलेल्या अटी वाचा.

अपमान झाला, अडवून ठेवलं. तक्रार कशी करायची?

त्याच दिवशी करा, कारण कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग कायम राहत नाही. डिस्क भरली की जुन्यावर नवं चढतं. म्हणून पहिलं पत्र भरपाईचं नसावं, 'अमुक तारखेचं, अमुक वेळेचं, दाराजवळचं चित्रण जपून ठेवा' असं असावं. ते दुकानाच्या मॅनेजरला आणि कंपनीच्या ईमेलवर, दोन्हीकडे पाठवा. बिलाचा फोटो, सिक्युरिटीवाल्याच्या ओळखपत्रावरचं नाव आणि एजन्सीचं नाव टिपा. खासगी सुरक्षा संस्थांच्या २००५ च्या कायद्यानं रखवालदाराला फोटोचं ओळखपत्र द्यावं लागतं. सोबत कोणी साक्षीदार असेल तर त्याचा नंबर घ्या. व्हिडिओ काढला असेल तर तो पुरावा म्हणून ठेवा. रखवालदाराचा चेहरा दाखवून गटागटांत फिरवलात तर उलट बदनामीची तक्रार तुमच्यावर यायची.

दुकानानं दाद दिली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. मराठीत बोलता येतं. तिथून कंपनीशी बोलणं होतं, निकाल मिळत नाही. निकाल हवा असेल तर सांगलीचा जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. आटपाडीच्या माणसानं पुण्यातल्या दुकानात त्रास सोसला तरी तक्रार सांगलीत चालते. मोजलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी नाही. मुदत दोन वर्षं. वकील लावलाच पाहिजे असं नाही. ऑनलाइनही दाखल करता येते.

खरं सांगायचं तर नुसतं 'बिल मागितलं, राग आला' यावर आयोगात काही हाती लागत नाही. अडवून ठेवणं, चारचौघांत चोर म्हणणं, झडती घेणं, बिल नाकारणं यांपैकी काही असेल आणि पुरावा असेल तरच ते पाऊल उचला. एमआरपीपेक्षा जास्त पैसे घेतले असतील तर तो विषय वैधमापन विभागाचा, म्हणजे जुन्या वजनमापे खात्याचा.

आमचंच दुकान आहे. तपासणी नीट कशी ठेवावी?

तपासणी होते हे आत येताना मराठीत मोठ्या अक्षरांत लिहा. बाहेर जाताना समजलेली अट म्हणजे भांडणाला आमंत्रण. बिलाच्या सॉफ्टवेअरवाल्याला सांगून नग आणि किलो वेगळे छापून घ्या. दारातला निम्मा घोळ एवढ्यानं मिटतो. दारापाशी कमरेच्या उंचीचं टेबल ठेवा. म्हाताऱ्या माणसाला वाकून पिशवी जमिनीवर उघडायला लावू नका. पाच वस्तूंपर्यंतच्या बिलाला नुसता पंच मारून सोडा. गर्दीत दोन माणसं उभी करा, त्यांपैकी एक बाई असू द्या.

निवडून तपासायचं असेल तर चेहरा बघून निवडू नका. दर सातवं बिल असा काहीतरी नियम ठेवा आणि तो सगळ्यांना सारखा लावा. नऊवारीतल्या मावशींची पिशवी उपसायची आणि गाडीच्या किल्ल्या फिरवणाऱ्या साहेबांना सलाम ठोकायचा, हे गिऱ्हाइकाच्या बरोबर लक्षात येतं.

रखवालदाराला दोन वाक्यं पाठ करून द्या. 'ताई, बिल बघू का?' आणि संख्या जुळली नाही तर 'एक वस्तू बिलावर दिसत नाही, काउंटरवर बघून घेऊ या.' चोरी हा शब्द दारात उच्चारायचा नाही. वस्तू बिलापेक्षा कमी निघाली तर तीही त्यानंच सांगायची आणि पैसे किंवा माल तिथल्या तिथे परत द्यायचा.